पाठीवर बिऱ्हाड, हाताला काम : वाशिमहून पहिली परदेशवारी

वरोऱ्याजवळच्या आनंदवनात १९५० च्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी तरुण येऊन राहिले. बाबा आमटे तेव्हा कुष्ठरुग्णांना सोबत घेऊन खडकाळ माळावर वसाहत उभी करत होते. कुष्ठरोग्याच्या हातचे पाणीही लोक घेत नसत, असा तो काळ. त्या काळात या तरुणांनी रुग्णांबरोबर राहून, विटा-माती वाहून दवाखान्याच्या इमारती उभ्या केल्या. परदेशी पाहुणा येतो, घाम गाळतो आणि निघून जातो, हे विदर्भाने तेव्हापासून पाहिले आहे. विदर्भातला तरुण मात्र त्याच पद्धतीने उलट दिशेला निघालेला सहसा दिसत नाही. आपल्याकडे परदेशाचे रस्ते ठरलेले आहेत: नोकरी, शिक्षण किंवा टूर कंपनीची आठ दिवसांची सहल.

यापलीकडे चौथा रस्ता आहे. दोन-तीन महिने बाहेर राहायचे, त्यातला बराच काळ एखाद्या शेतावर, वनीकरणाच्या प्रकल्पावर किंवा ध्यानकेंद्रात काम करायचे आणि उरलेल्या दिवसांत देश पाहायचा. वाशिम जिल्ह्यातल्या रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर किंवा मानोऱ्यातल्या, खिशात बेताचे पैसे असलेल्या तरुणाने किंवा तरुणीने ही सफर कशी आखावी, ते या लेखात पाहू. बहुतेक जण आधी देश ठरवतात, मग तिकीट काढतात आणि शेवटी तिथे काही काम मिळते का ते शोधतात. हा क्रम उलटा करायला हवा. आधी आपल्याला काय येते ते पाहावे, मग कुठला व्हिसा त्याला परवानगी देतो ते तपासावे आणि देश सर्वांत शेवटी ठरवावा.

देवाणघेवाण कशी चालते

लंडनमध्ये सेक्रेटरीची नोकरी करणाऱ्या स्यू कॉपर्ड यांनी १९७१ मध्ये शहरातल्या लोकांना शनिवार-रविवार सेंद्रिय शेतावर नेऊन कामाला लावण्याची कल्पना काढली. पहिला मुक्काम ससेक्समधल्या एमर्सन कॉलेजच्या शेतावर झाला. त्यातून ‘वूफ’ ही जगभर पसरलेली साखळी तयार झाली. शेतकरी राहायची-जेवायची सोय करतो, पाहुणा दिवसाला चार ते सहा तास काम करतो आणि कोणी कोणाला पैसे देत नाही. पुढे वर्कअवे, वर्ल्डपॅकर्स, हेल्पएक्स ही संकेतस्थळे आली. तिथे शेतीबरोबर वसतिगृहे, शाळा, बांधकामे आणि घरगुती मदत यांचीही कामे असतात. सदस्यत्वासाठी ठरावीक रक्कम भरली की यजमानांशी थेट पत्रव्यवहार करता येतो.

आपल्या गावात इर्जिक असते: एकाच्या शेताचे काम अडले की शेजारीपाजारी जमतात, काम उरकतात आणि त्या दिवशीचे जेवण त्या घरी होते. वूफची व्यवस्था त्याच जातीची आहे. फरक एवढाच की इर्जिकीत सगळे एकमेकांना ओळखतात आणि इथे ओळख पत्रातून करून घ्यावी लागते.

म्हणूनच वाशिमच्या तरुणाने ‘मला काय येते?’ हा प्रश्न हलक्यात घेऊ नये. मोठ्या शहरातून आलेल्या स्वयंसेवकाला खुरपे कसे धरायचे इथपासून शिकवावे लागते. सोयाबीन आणि तुरीच्या शेतात वाढलेल्याला निंदणी, डवरणी, ठिबकच्या नळ्यांची दुरुस्ती, गायी-म्हशींचे दूध काढणे, शेणखत कुजवणे, मोटर जळाली की काय झाले असेल याचा अंदाज हे सगळे येते. जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेच्या काळात जिल्ह्यातल्या काही गावांनी श्रमदानाने चर खणले, बांध घातले. ज्याने उतारावर समतल रेषा आखून पाणी अडवले आहे, त्याला जलसंधारणाच्या कुठल्याही प्रकल्पावर मागणी आहे. शिवणकाम, सुतारकाम, गवंडीकाम, पन्नास माणसांचा स्वयंपाक, प्राथमिक शाळेतल्या मुलांना गणित शिकवण्याचा अनुभव, हीसुद्धा भांडवलातच धरायची. इंग्रजी कच्चे असले तरी चालते, पण काम कोणते आणि किती वेळ हे समजून घेण्यापुरते तरी हवे.

यजमानाला लिहायच्या पहिल्या पत्रात ‘मला प्रवासाची आवड आहे’ हे वाक्य नसले तरी बिघडत नाही. मी काय करू शकतो, कोणत्या तारखेपासून किती आठवडे राहीन, काय खातो, कोणते आजार आहेत, हे लिहावे. मग आपण चार प्रश्न विचारावेत: रोजचे तास किती, सुट्टीचे दिवस कोणते, झोपायची जागा स्वतंत्र की सामायिक, आणि जेवण कोण बनवणार. या चार प्रश्नांना सरळ उत्तर न देणाऱ्या यजमानाकडे जाऊ नये. एका जागी किमान तीन आठवडे राहावे. पहिला आठवडा कामाची रीत समजण्यातच जातो, त्यामुळे दहा दिवसांचा पाहुणा यजमानाला मदतीपेक्षा ओझेच वाटतो.

कोणाला हवे आहोत?

आनंदवनात आलेल्या संस्थेचा जन्मच एका फसलेल्या प्रयोगातून झाला. पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेले एन हे वेर्दूंजवळचे फ्रेंच खेडे पुन्हा बांधण्यासाठी पियेर सेरेसोल या स्विस शांतिवाद्याने १९२० मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या तरुणांचे शिबिर भरवले. त्यात जर्मन तरुणही होते. कालपर्यंतच्या शत्रूंनी एकत्र घरे बांधावीत हा विचार उदात्त होता, पण ज्यांची माणसे जर्मनांच्या तोफांनी मेली होती त्यांना जर्मन आपल्या गावात नको होते. विरोध वाढत गेला आणि काही महिन्यांत शिबिर बंद करावे लागले. सेरेसोल यांनी पुढची शिबिरे अधिक सावधपणे केली. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपाने बिहार उद्ध्वस्त झाला तेव्हा ते स्वतः भारतात आले आणि राजेंद्रप्रसादांच्या मदतकार्याशी जोडून घेऊन त्यांनी पुनर्वसनाचे काम केले. स्थानिक माणसांनी हाती घेतलेल्या कामात पाहुण्याने सामील व्हायचे, हा धडा त्यात आहे आणि तो आजही लागू पडतो.

याच्या अगदी उलट प्रकार अनाथालयांच्या बाबतीत घडतो. नेपाळ आणि कंबोडियात परदेशी पाहुण्यांच्या देणग्या येतात म्हणून आईबाप जिवंत असलेल्या मुलांना ‘अनाथ’ म्हणून ठेवल्याचे प्रकार उघडकीस आले. युनिसेफने त्याविरुद्ध इशारे दिले, तर ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी या व्यवहाराला मुलांच्या तस्करीचा प्रकार म्हणून मान्यता दिली. दोन आठवड्यांसाठी येणाऱ्या अनोळखी माणसाला जिथे लहान मुलांमध्ये सोडले जाते, ती संस्था चांगली नाही, हे मनाशी पक्के धरावे. ज्या कामासाठी वाशिममध्ये आपल्याला कोणी ठेवून घेणार नाही, ते काम परदेशातही करू नये. शिक्षणाशिवाय इंजेक्शन देणे, जखमा शिवणे हे त्यातच आले.

निघण्यापूर्वी स्वतःला घरच्या जवळ तपासून पाहता येते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला बाबा आमटे यांच्या महारोगी सेवा समितीची श्रमसंस्कार छावणी मे महिन्याच्या उन्हात भरते. पहाटे उठणे, श्रमदान, सामुदायिक जेवण, अनोळखी लोकांबरोबर झोपणे हे तिथे जमले तर परदेशात जमेल. पुदुच्चेरीजवळ ऑरोविलच्या परिसरात २००३ पासून चाललेल्या साधना फॉरेस्टमध्ये जगभरचे स्वयंसेवक झाडे लावतात, पाणी अडवतात आणि पाळीपाळीने स्वयंपाक करतात. या संस्थेचे काम हैती आणि केनियातही चालते. तिथे महिनाभर राहिलेल्या माणसाला परदेशी सोबत्यांची सवय पासपोर्टाविना होते.

हिशेब

स्वयंसेवेने सफर किती स्वस्त होते, ते गृहीत आकडे धरून पाहू. समजा स्वतःच्या खर्चाने राहिले तर झोपणे, जेवणे आणि स्थानिक प्रवास मिळून रोज १,२०० रुपये लागतात. साठ दिवसांचे ७२,००० झाले. यातले चाळीस दिवस यजमानाकडे काढले आणि तेव्हा साबण, चहा, फोन, बस एवढाच रोजचा २५० रुपये खर्च आला, तर त्यांचे १०,००० आणि उरलेल्या वीस दिवसांचे २४,००० मिळून ३४,००० होतात. निम्म्याहून जास्त बचत झाली. जाण्यायेण्याचे भाडे, व्हिसा, विमा आणि पासपोर्ट यांचा खर्च मात्र तेवढाच राहतो. म्हणून मुक्काम जितका लांब, तितका दिवसाचा खर्च उतरत जातो. आठ दिवसांसाठी विमानाने जाऊन स्वयंसेवा करणे हा महागडा छंद आहे.

एकूण अंदाजावर पाव हिस्सा जास्तीचा धरावा आणि परतीच्या भाड्याला कितीही अडचण आली तरी हात लावू नये. स्वयंसेवेसाठी कोणी मोठे शुल्क मागत असेल तर त्यातले जेवण-निवासाला किती आणि एजंटाला किती जाते हे लेखी मागावे.

१९६२ मध्ये सतीशकुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण अण्वस्त्रांविरुद्धचा संदेश घेऊन दिल्लीहून पायी निघाले. त्यांनी मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टन गाठले. पैसा जवळ बाळगू नका, असा सल्ला त्यांना विनोबांनी दिला होता. पैसा नसला की माणूस खाणावळीत न जाता लोकांच्या दारात जातो आणि बोलणे सुरू होते, हे त्यामागचे गणित. राशीनच्या नितीन सोनवणेने २०१६ मध्ये सेवाग्रामहून सायकल काढली आणि लोकांच्या आतिथ्यावर भर देत चाळीसहून अधिक देश पाहिले. यातून हिंमत जरूर घ्यावी, पण रिकाम्या खिशाची नक्कल करू नये. आजचा व्हिसा अधिकारी बँकेचे काही महिन्यांचे विवरण मागतो आणि सीमेवर ‘राहणार कुठे, पैसे किती?’ हा प्रश्न हमखास येतो.

व्हिसा : खरी अडचण इथे

पगार घेत नाही म्हणजे काम करत नाही, असे बऱ्याच देशांचे कायदे मानत नाहीत. जेवण-निवासाच्या बदल्यात केलेले श्रम त्यांच्या लेखी कामच असते. पर्यटक व्हिसावर येऊन शेतावर राबणारा पाहुणा विमानतळावरूनच परत पाठवला जाऊ शकतो. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसावर स्वयंसेवा करता येते, पण ती जास्तीत जास्त ३० दिवस, नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी आणि प्रवासाचा मुख्य हेतू दुसरा असताना. ऑस्ट्रेलियाही मुख्य हेतू पर्यटन असेल आणि ते काम एरवी तिथल्या माणसाला पगारावर दिले जात नसेल तरच बिनपगारी सेवेला हरकत घेत नाही. युरोपातल्या शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. त्या व्हिसाचे शुल्क प्रौढांना ९० युरो असून किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे.

पदवीधरांसाठी आणखी दोन दारे आहेत, पण ती स्वस्त सफरीची नव्हेत. ब्रिटनच्या यंग प्रोफेशनल्स योजनेत १८ ते ३० वयोगटातल्या भारतीयांना वर्षाला ३,००० जागा आहेत. त्यासाठी सोडत निघते आणि खात्यात २,५३० पाउंड दाखवावे लागतात. ऑस्ट्रेलियाच्या वर्क अँड हॉलिडे व्हिसाच्या भारतीयांसाठी १,००० जागा असून त्याही सोडतीनेच मिळतात. नियम वरचेवर बदलतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी त्या-त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरच खात्री करावी, ओळखीच्या एजंटाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

पहिला देश : नेपाळ

हे सगळे लक्षात घेतले तर वाशिमकराच्या पहिल्या लांब सफरीसाठी नेपाळइतका सोयीचा देश दुसरा नाही. भारतीयांना तिथे व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र चालते. नुसत्या आधार कार्डावर मात्र तरुण माणसाने निघू नये. ३१ जुलै १९५० च्या शांतता आणि मैत्री कराराने दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे राहण्याची, फिरण्याची आणि उद्योग करण्याची मोकळीक दिली आहे. त्यामुळे स्वयंसेवेची कायदेशीर भानगड इतर देशांपेक्षा खूपच कमी. लिपी देवनागरी, हिंदी बहुतेकांना कळते आणि एक भारतीय रुपया म्हणजे १.६० नेपाळी रुपये हा दर १९९३ पासून कायम आहे.

रस्ताही विमानाविना होतो. वाशिमहून अकोला, तिथून भुसावळ, भुसावळहून गोरखपूरची गाडी, गोरखपूरहून बसने सुनौलीची सीमा. सीमा चालत ओलांडली की पलीकडे भैरहवा आणि तिथून बुद्धाचे जन्मस्थान लुंबिनी जवळच. आपल्या भागातल्या अनेक बौद्ध कुटुंबांना हे नाव नवे नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा दिल्यानंतर महिनाभरातच डॉ. बाबासाहेब आंबेडकर काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. लुंबिनीतले मायादेवी मंदिर आणि अशोकस्तंभाचा परिसर १९९७ पासून जागतिक वारसा आहे.

लुंबिनी तराईत आहे. एप्रिल-मेमध्ये तिथे आपल्यासारखेच ऊन भाजते. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये तराई उरकून उन्हाळ्यात डोंगराकडे सरकावे. मार्च-एप्रिलमध्ये टेकड्यांवर गुरांस म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन फुलतो. मधल्या डोंगराळ पट्ट्यात पायऱ्यांच्या शेतीवर मका, बटाटा, कोदो म्हणजे नाचणी आणि भाजीपाला होतो. काळ्या सपाट रानात वाढलेल्याला चढावर शेती कशी होते हे पाहणेच मोठे शिक्षण आहे.

शुल्काविना मुक्काम

महाराष्ट्रातून जगभर पसरलेली एक व्यवस्था इथे फार उपयोगी पडते. सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतल्या विपश्यनेचे इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र १९७६ पासून चालते. आज अशी केंद्रे अनेक देशांत आहेत आणि शिबिराला कुठेच शुल्क नाही. एकदा दहा दिवसांचे शिबिर पूर्ण केलेला साधक कुठल्याही केंद्रात धम्मसेवक म्हणून अर्ज करू शकतो. सेवक स्वयंपाकघर, सफाई, बाग आणि शिबिराची व्यवस्था सांभाळतो. त्याला जेवण आणि निवास विनामूल्य असतो. वाशिमजवळचे केंद्र अकोला जिल्ह्यात तेल्हाऱ्याला आहे. नेपाळमध्ये लुंबिनीत धम्मजननी आणि काठमांडूला बुढानीलकंठाच्या बाजूला धर्मशृंग आहे.

मात्र याला फुकटची धर्मशाळा समजू नये. सेवकालाही पंचशील पाळावे लागते, दिनक्रमातल्या सामूहिक साधनेला बसावे लागते आणि शिबिर संपेपर्यंत भटकायला बाहेर पडता येत नाही. साधनेत रस नसेल तर हा मार्ग टाळावा.

कागद, विमा, फोन

नेपाळला मतदार कार्ड चालत असले तरी पासपोर्ट काढून ठेवावा. वाशिम जिल्हा नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या हद्दीत येतो आणि अर्ज ऑनलाइन भरताना जवळच्या टपाल कार्यालयातले केंद्र निवडता येते. ३६ पानी साध्या पासपोर्टाचे शुल्क १,५०० रुपये, तत्काळसाठी २,००० जास्तीचे. शाळेचा दाखला, आधार आणि मतदार कार्ड यांवरचे नाव, आडनाव आणि जन्मतारीख अक्षरशः जुळते का ते आधी पाहावे. आपल्याकडे अर्ज अडतो तो बहुधा इथेच. दहावी उत्तीर्ण नसलेल्याच्या पासपोर्टावर ‘ईसीआर’ शेरा येतो आणि ठरावीक देशांत नोकरीला जाताना त्याला सरकारी मंजुरी लागते.

केनियासारख्या आफ्रिकी देशात पुढे कधी जायचे ठरले, तर पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी मान्यताप्राप्त केंद्रात घ्यावी. तिचे प्रमाणपत्र नसेल तर भारतात परतल्यावर विलगीकरणात बसावे लागते. विमा घेताना ‘शारीरिक काम करताना झालेली दुखापत’ आणि ‘दुचाकीवरचा अपघात’ यांना संरक्षण आहे का हे नक्की विचारावे, कारण साध्या प्रवास विम्यातून या दोन गोष्टी अनेकदा वगळलेल्या असतात. परदेशात वाहन चालवायचे असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना एमएच ३७ च्या आपल्या आरटीओ कार्यालयातूनच मिळतो. शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष.

बँकेचा ओटीपी भारतातल्या क्रमांकावर येतो, म्हणून ते सिम रोमिंगसह चालू ठेवावे. दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डे वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावीत. यजमानाचा पत्ता, फोन आणि पुढच्या मुक्कामाची तारीख घरच्या दोघांना लिहून द्यावी. मुलीने एकटीने जायचे असेल, तर आधी राहून गेलेल्या स्त्रियांचे अभिप्राय वाचावेत आणि पहिला मुक्काम कुटुंब असलेल्या घरी किंवा मोठ्या संस्थेत घ्यावा.

टेलिग्राम किंवा व्हॉट्सअॅपवरून ‘थायलंडला काम, तिकीट आमचे’ असा निरोप आला तर त्याला उत्तरच देऊ नये. अशा बहाण्याने भारतीय तरुणांना म्यानमार, लाओस आणि कंबोडियात नेऊन सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबल्याचे प्रकार घडले आहेत आणि भारत सरकार २०२२ पासून त्याबद्दल सावध करत आले आहे. परदेशात अडकलेल्याला परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. जिथे जायचे त्या देशातल्या भारतीय दूतावासाचा आपत्कालीन क्रमांक फोनबरोबर कागदावरही लिहून ठेवावा.

वर्षाचे वेळापत्रक

शेतीच्या घरातल्या माणसाला सफरीची वेळ पिकांकडे पाहूनच ठरवावी लागते. सोयाबीनचे डवरे-फवारे उरकले की ऑगस्टमध्ये पासपोर्टचा अर्ज टाकावा, म्हणजे पोलीस पडताळणीच्या वेळी आपण गावातच असतो. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन घरात आले की खर्चाची रक्कम बाजूला काढावी. नोव्हेंबरमध्ये विपश्यनेचे पहिले शिबिर किंवा साधना फॉरेस्टसारख्या ठिकाणी मुक्काम करून बघावा. त्याच महिन्यात यजमानांना पत्रे लिहायला घ्यावीत. दहा पत्रांना दोन उत्तरे आली तरी पुरे. डिसेंबरमध्ये विमा आणि रेल्वेचे आरक्षण. जानेवारीत तूर निघाली की फेब्रुवारीच्या मध्यावर निघता येते. हरभरा पेरलेला असेल तर त्याच्या काढणीची सोय भावाशी किंवा शेजाऱ्याशी बोलून आधीच लावावी आणि परतल्यावर त्यांच्या शेतात तेवढेच दिवस द्यावेत. लुंबिनीत दोन आठवडे, डोंगरातल्या शेतावर दीड-पावणेदोन महिने, काठमांडू-पोखरा पाहायला दहा-पंधरा दिवस, आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात परत. सोमनाथची छावणी साधारण तेव्हाच भरते. तिथे यंदा नव्याने आलेल्या मुलांना ही सफर कशी केली, किती पैसे लागले आणि कुठला यजमान टाळावा, हे सांगायला एक माणूस तयार झालेला असेल.